आसाचं तेल, खाडीचं पाणी



नव्या मुंबईबाहेरच्या माणसाला सारसोळे हे नाव सहसा ठाऊक नसतं. नेरूळच्या पश्चिम कडेला वसलेलं आगरी-कोळ्यांचं हे जुनं गाव. चारही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या आणि गाव त्यांच्या पोटात गेलं. पण पामबीच रस्ता ओलांडला की खारफुटीतून जेटीकडे जाणारी वाट अजून आहे. जेटीवर उभं राहिलं की समोर ठाण्याची खाडी, पलीकडे तुर्भ्याची टेकडी आणि तिच्या पायथ्याशी अणुसंशोधन केंद्राचे घुमट. गंमत पाहा, या खाडीच्या दोन्ही काठांवर तुर्भे आहे. पलीकडचं तुर्भे म्हणजे इंग्रजांच्या जिभेवर ज्याचं 'ट्रॉम्बे' झालं ते. तिथं, टेकडीमागे माहुलच्या बाजूला, तेल शुद्धीकरण कारखाने आहेत. अलीकडचं तुर्भे म्हणजे घाऊक बाजाराचं आणि ट्रकांचं. पलीकडच्या तुर्भ्यात वंगण तयार होतं, अलीकडच्या तुर्भ्यात ते सांडतं, आणि मधल्या पाण्यात सारसोळ्याची होडी चालते. आज मला या तेलाबद्दल बोलायचं आहे.

सकाळी लवकर बाजाराच्या बाजूला गेलात तर जरा जमिनीकडे पाहा. रात्री उभे असलेले ट्रक निघून गेलेले असतात, त्यांचे डाग मागे असतात. पुढचा डाग इंजिनाचा, मधला गिअरबॉक्सचा, मागचा आसाचा. जाणता मिस्त्री हे डाग ज्योतिष्यानं पत्रिका वाचावी तसे वाचतो. आपण मात्र बूट काळे होऊ नयेत म्हणून वळसा घालून जातो.

माझंही तसंच होतं. पण सारसोळ्यातल्या एका परिचित घरातल्या तरुणानं मला एक प्रश्न विचारला. त्याचे आजोबा खाडीत मासेमारी करत. वडिलांच्या वेळी जमीन नव्या शहरासाठी गेली. नातवानं कर्ज काढून जुना दहाचाकी ट्रक घेतला. दोन मालकांच्या हातून उतरून तो याच्याकडे आला होता. महिन्याभरात मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेल ओघळायला लागलं. सील बदललं. पुन्हा गळती. पुन्हा सील. वर्षात तीनदा चाक उतरलं. इंजिनही तेल पीत होतं, पण खाली एक थेंब दिसत नव्हता. एकदा माल भरून बोरघाट उतरताना ब्रेक दाबला आणि गाडी एका बाजूला ओढली गेली. त्या दिवशी निभावलं. घरी आल्यावर त्यानं मला विचारलं, "काका, एवढं तेल जातं कुठं?"

मी काही मिस्त्री नाही, जुन्या गोष्टी वाचणारा माणूस आहे. पण हा प्रश्न चाकाइतकाच जुना आहे.

वंगणाचं नळकांडं

आपल्या बैलगाडीच्या आसाला वंगण लागे. एरंडेल तेलात राख किंवा काजळी कालवून ते करत आणि नळकांड्यात भरून गाडीखाली टांगत. चाक कुरकुरू लागलं की गाडीवान उतरे, काडीनं वंगण काढी, आसावर घाली आणि पुढे निघे. हे वंगण टिकायचं नाही. ते गळायचंच, आणि ते गळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गळेल तेवढं पुन्हा घालायचं, एवढाच नियम. महत्त्वाचं म्हणजे, घालणारा आणि गाडी चालवणारा माणूस एकच होता. आसाला किती तेल लागतं ते त्याच्या कानाला कळत होतं.

एरंडेलाची थोरवी साहेबालाही पटली होती. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ साली इंग्लंडमध्ये वंगणाची कंपनी काढली. १९०९ मध्ये त्यांनी मोटारींसाठी एरंडेल मिसळलेलं तेल बाजारात आणलं आणि त्याला नाव दिलं 'कॅस्ट्रॉल'. एरंडाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून. तेव्हा मोटारीच्या आणि बैलगाडीच्या वंगणाचं कूळ काही काळ तरी एकच होतं.

फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीत. मोटारीच्या मागच्या आसात दातेरी चाकं आली. इंजिनाकडून येणारा दांडा फिरतो लांबीच्या दिशेनं आणि चाकं फिरायला हवीत आडव्या आसावर. हा काटकोन वळवण्याचं काम क्राउन आणि पिनियन ही दोन दातेरी चाकं करतात. वळणावर आतलं चाक सावकाश आणि बाहेरचं भरभर फिरावं म्हणून तिथंच डिफरन्शियल असतं. हे दात एकमेकांवर प्रचंड दाबानं घासतात. त्यांना काडीभर वंगण पुरत नाही, ते तेलात बुडालेलेच हवेत. म्हणून आसाभोवती बंद पेटी आली. आपले मिस्त्री तिला हाउसिंग म्हणतात. पेटी बंद असली तरी तिच्यातून फिरते दांडे बाहेर काढावेच लागतात. पुढून एक, डावी-उजवीकडे दोन. फिरणाऱ्या दांड्याभोवती तेल कसं अडवायचं?

सुरुवातीला नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, कड्या बसवत. मग कातडं आलं. जर्मनीत वाइनहाइम गावी फ्रॉयडनबर्ग नावाची जुनी चांभारी पेढी होती. १८४९ पासून तिचा धंदा कातडी कमावण्याचा. १९२९ च्या मंदीत कातड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तिनं मोटारींसाठी कातड्याची सीलं करायला घेतली. वाल्टर सिमर नावाच्या अभियंत्यानं ती सुधारली आणि त्यांना 'सिमररिंग' हे नाव पडलं. १९३६ मध्ये कातड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आज ज्याला आपण 'ऑइल सील' म्हणतो ते हेच: लोखंडी कडं, त्यावर रबराचा पातळ ओठ आणि तो ओठ दांड्यावर हलकेच दाबून धरणारी गोल स्प्रिंग. सगळी करामत त्या ओठाची. ओठ आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा राहतो. तो राहिला नाही तर ओठ जळतो. जाड झाला तर तेल बाहेर येतं.

सील आलं आणि तेल डोळ्यांआड झालं. पूर्वी गाडीवानाला आस रोज दिसे. आता ड्रायव्हरला आस दिसत नाही, ऐकू येत नाही. तो दिसतो तेव्हा गळतच असतो.

ट्रक आला, शहर आलं

महाराष्ट्रात ट्रक स्थिरावला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्करानं विकायला काढलेल्या 'डिस्पोजल'च्या गाड्यांवर कित्येकांनी वाहतुकीचे धंदे उभे केले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज आणि फार्गो गाड्या बाहेर पडू लागल्या. १९४८ च्या जूनमध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तीही बेडफर्डची. १९५४ साली जमशेदपूरच्या टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि नाकावर तारा असलेला ट्रक देशभर दिसू लागला. १९६९ मध्ये तो करार संपला. तारा गेला, 'टी' आला. गाडी बरीचशी तीच राहिली. या सगळ्या गाड्यांनी आपल्याकडे मिस्त्रींची एक मोठी शाळा तयार केली. तिच्यात पुस्तक नव्हतं, हाताखाली काम करून शिकायचं होतं.

त्याच काळात खाडीच्या या बाजूचं भाग्य पालटत होतं. १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत आली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलला, त्यामागोमाग मसाला आणि धान्य आलं, आणि १९९६ मध्ये फळं-भाजीही आली. दरम्यान १९८९ साली न्हावाशेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या आत एका मिठागरांच्या आणि भातशेतीच्या किनाऱ्यावर राज्यातला मोठा बाजार आणि देशातलं मोठं बंदर आलं. या दोन्ही गोष्टी चालतात त्या ट्रकवर. तुर्भ्याच्या डोंगरात दगडखाणी होत्या, त्यांचे डंपर वेगळेच. ज्यांची जमीन गेली, त्यांच्यातल्या अनेकांनी हाती आलेल्या पैशातून याच धंद्यात उडी घेतली. काहींनी नवी गाडी घेतली, पुष्कळांनी जुनी.

जुन्या ट्रकचंही एक आयुष्य असतं. पहिला मालक गाडी लांबच्या पल्ल्यावर पळवतो आणि वेळच्या वेळी तेल बदलतो, कारण कंपनीची हमी असते. दुसरा जरा काटकसर करतो. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे ती जवळच्या फेऱ्यांना लागते, वाळू, खडी, भंगार, पाण्याची टाकी ओढते. प्रत्येक विक्रीच्या आधी रंग लागतो आणि खालून पाणी मारून आस धुतला जातो. गाडी हातोहात जाते, पण तिच्या तेलाचा हिशेब तिच्याबरोबर जात नाही. कोणत्या साली कोणतं सील बदललं, आसावर किती ओझं लादलं, हे कुठंच लिहिलेलं नसतं. ते लिहिलेलं असतं फक्त लोखंडावर.

ओझ्याची भाषा

सील गळण्यामागे अनेकदा सीलचा दोष नसतो, ओझ्याचा असतो. माल जादा भरला की हाउसिंग किंचित वाकतं. बेअरिंगवर ताण येऊन त्यात ढिलाई येते आणि चाकाचा हब दांड्याभोवती सरळ न फिरता डुलत फिरतो. रबराचा ओठ एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूला उघडतो. नवं सील घातलं तरी आठवड्याभरात तीच गत. फार झालं तर हाउसिंगला जोडावर बारीक चीर जाते. मग तेल सीलमधून नाही, लोखंडातूनच पाझरतं.

आपल्याकडे जादा ओझ्याला बराच काळ एक प्रकारची मान्यताच होती. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात मर्यादा होती, पण दंड भरून तोच माल पुढे नेण्याची वाट अनेक राज्यांत खुली होती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं ती वाट बंद केली. जादा माल दंड घेऊन सोडता येणार नाही, तो उतरवलाच पाहिजे, असं सांगितलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मर्यादाच वाढवली. चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली, आणि आठ टायरांच्या जोडआसाची १९ वरून २१ टनांवर. त्यामागची कारणं काही असोत, जुन्या गाडीचा आस जुन्या हिशेबानं घडलेला असतो, हे जुना ट्रक घेणाऱ्यानं विसरता कामा नये. कागदावरची मर्यादा वाढते, वीस वर्षं वापरलेलं बेअरिंग वाढत नाही.

आणि आता बोरघाट. हा घाटरस्ता १८३० साली गाड्यांसाठी खुला झाला, तेव्हापासून उताराचा प्रश्न आहेच. मागच्या हबचं आतलं सील गेलं की गिअर ऑइल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि लायनर ते स्पंजासारखे पितात. सपाटीवर फारसं जाणवत नाही. घाट उतरताना ड्रम तापतो, तेल सुटतं आणि त्या चाकाची पकड जाते. उरलेली चाकं धरतात, म्हणून गाडी एका बाजूला ओढते. आमच्या तरुण मित्राच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. काही शे रुपयांचं रबराचं कडं आणि मागे पंधरा-वीस टन माल. हा विषय मला तेव्हा नीट कळला.

मिस्त्रीनं काय केलं

शेवटी तो एका वयस्कर मिस्त्रीकडे गेला. त्या कामाच्या वेळी मी तिथं बसून होतो.

मिस्त्रीनं पहिल्या दिवशी काहीच खोललं नाही. आस घासून धुतला, कोरडा केला आणि सांगितलं, "दोन फेऱ्या मारून ये." स्वच्छ लोखंडावर तेलाचा पहिला ओघळ कुठून निघतो ते पाहायचं होतं. मळलेल्या आसावर तेल वाऱ्यानं मागे पसरतं आणि भलत्याच जागेवर संशय जातो. चाकाच्या बाहेरच्या अंगाला, शाफ्टच्या तोंडापासून फवाऱ्यासारखे ओघळ असतील तर तिथलं पॅकिंग गेलं किंवा बोल्ट ढिले आहेत. टायरच्या आतल्या भिंतीवर ओल असेल तर हबचं सील. मधल्या गोळ्याच्या पुढच्या तोंडाशी असेल तर पिनियनचं. बोटाला लावून वास घेतला तरी कळतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो.

मग तो हाउसिंगच्या वर हात घालून एक बोंडाएवढी वस्तू काढून घेऊन आला. तो होता ब्रीदर, आसाची श्वास घ्यायची वाट. चिखलानं गच्च बुजलेला. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते. तिला वरून वाट मिळाली नाही तर ती सीलमधून वाट काढते आणि जाताना तेल घेऊन जाते. पावसाळ्यात उलटंही होतं. तापलेला आस साचलेल्या पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. मग तेल दुधासारखं पांढुरकं होतं. नव्या मुंबईच्या पावसात हे काही दुर्मीळ नाही. तीन सीलं बदलली, पण तो ब्रीदर कोणी पाहिलाच नव्हता.

चाक उतरल्यावर दुसरी गोष्ट दिसली. सीलचा ओठ जिथं टेकतो तिथं लोखंडावर चर पडला होता. डोळ्याला फारसा दिसत नव्हता, पण नख फिरवलं की अडकत होतं. इतकी वर्षं रबरानं आणि धुळीनं मिळून लोखंड खाल्लं होतं. अशा चरावर नवं सील बसवणं म्हणजे तुटक्या कठड्यावर नवं झाकण ठेवणं. मिस्त्रीनं त्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवली, म्हणजे ओठाला टेकायला नवी गुळगुळीत जागा मिळाली. बेअरिंगची ढिलाई काढली. चेकनट आवळताना चाक फिरवत राहायचं, आणि मग कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतकं मागे सोडायचं. सील बसवताना ओठाला आधी तेल लावलं, ओठ तेलाच्या बाजूला ठेवला आणि हातोड्यानं कडेला ठोकण्याऐवजी सपाट कडं ठेवून ते चारी बाजूंनी सारखं आत दाबलं. तेलानं भिजलेले लायनर धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरायला त्यानं साफ नकार दिला. दोन्ही बाजूंचे नवे घातले, कारण एकाच बाजूला नवे घातले तर गाडी ओढणारच.

शेवटी तेल. खालचं बूच काढल्यावर त्याच्या चुंबकावर काय चिकटलंय ते त्यानं चिमटीत घासून पाहिलं. बारीक करडी भुकटी चालते. चपटे तुकडे निघाले तर दात तुटायला लागलेत. इथं भुकटीच होती. सपाट जागेवर, भरणीच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत नव्वद नंबरचं तेल भरलं. त्याहून एक थेंब जास्त नाही. गळतं म्हणून जास्त भरून ठेवायची सवय अनेकांना असते आणि तीच गळती वाढवते.

न दिसणारं तेल

इंजिनाचं दुखणं वेगळं होतं. खाली डाग नाही, तरी तेल कमी होतं, म्हणजे ते जळत होतं किंवा आतल्या आत कुठेतरी जात होतं. मिस्त्रीनं धुराचा रंग पाहिला. काळा धूर डिझेल जास्त झाल्याचा, निळसर धूर तेल जळल्याचा. गाडी बराच वेळ नुसती चालू ठेवून मग रेस दिल्यावर निळा लोट आला तर व्हॉल्व्हच्या बाजूला संशय. चढावर ओझं ओढताना सतत निळा असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर. तेल भरण्याचं झाकण उघडल्यावर धूर धडधडत बाहेर आला, तरी तेच. टर्बो असेल तर त्याच्या नळीत तेल साचलंय का तेही पाहायचं. आणि तेलाची पातळी आपोआप वाढत असेल तर आनंद मानू नये. तेलात डिझेल किंवा पाणी शिरतंय, गाडी तिथंच थांबवावी.

या गाडीत दोन कारणं निघाली. एक, एअर फिल्टरची नळी फाटलेली होती. आधीच्या कोणा मालकानं ती गाडी धुळीत चालवली असणार. दगडाची धूळ इंजिनात गेली की रिंगा आणि लायनर सहाणेवर धरल्यासारखे झिजतात. दुसरं कारण मला नवीन होतं. ब्रेकच्या हवेच्या टाकीखालची तोटी सोडली तर हवेबरोबर काळं तेल आलं. ब्रेकसाठी हवा भरणारा कंप्रेसर इंजिनाचंच तेल वापरतो. त्याच्या रिंगा झिजल्या की ते तेल हवेच्या टाक्यांत जातं. म्हणजे इथंही इंजिनाचं तेल शेवटी ब्रेकपर्यंतच पोचत होतं.

कंप्रेसर दुरुस्त झाला, नळी बदलली. रिंगांचं मोठं काम लगेच परवडणारं नव्हतं. मिस्त्रीनं एक शंभर पानी वही आणायला सांगितली. दर हजार किलोमीटरला किती तेल टाकलं ते लिहायचं. आकडा स्थिर असेल तोवर चालवायचं. वाढायला लागला की इंजिन खोलायचं. अंदाजानं नाही. मला तो बैलगाडीवाल्याचा कान आठवला. त्याच्या जागी आता वही आली, एवढंच.

तेल जातं कुठं?

आता त्या तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. काही तेल धुरातून जातं. काही लायनर पितात. उरलेलं जमिनीवर पडतं, आणि जमीन ते ठेवून घेत नाही. नवं शहर बांधताना सिडकोनं भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं साठावं म्हणून डच पद्धतीनं धारण तलाव बांधले. रस्त्यावरचं पाणी गटारातून नाल्यात, नाल्यातून या तलावांत आणि ओहोटीला खाडीत. पहिल्या मोठ्या पावसात रस्त्याला इंद्रधनुषी तवंग दिसतो, त्याचा रस्ता हाच.

खाडी बिघडली ती एकट्या ट्रकांमुळे, असं मी म्हणणार नाही. कारखान्यांचं पाणी आहे, सांडपाणी आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल पाण्यात गेलं, ते सगळ्यांनी पाहिलं. वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली. थेंबाथेंबानं जाणाऱ्या तेलाचं छायाचित्र येत नाही. कोळ्याला मात्र ते कळतं. जाळं ओढल्यावर हात चिकट होतात. चिंबोरीला रॉकेलसारखा वास येतो, आणि गिऱ्हाईक ती परत करतं. याच ठाणे खाडीच्या वरच्या अंगाला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे 'रामसर'चा, दर्जा मिळाला. पक्ष्यांसाठी जे पाणी मोलाचं ठरलं, त्यावरच सारसोळ्याची जाळी आहेत.

काढून टाकलेल्या तेलाबद्दल कायदा आहे. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. ते नाल्यात ओतता येत नाही, चुलीत जाळता येत नाही, परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच द्यावं लागतं. १ एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच ते परत गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी आली आहे. वापरलेलं तेल संपत नाही, ते फक्त मळतं. नीट शुद्ध केलं तर पुन्हा वंगण होतं. पण कायद्याला डब्यात काढलेलं तेल मोजता येतं. वाटेत गळालेलं तेल कोणाच्याच डब्यात येत नाही. ते थांबतं फक्त गाडी ज्याची आहे त्यानं खाली वाकून पाहिलं तर.

आपल्याकडे म्हण आहे, थेंबे थेंबे तळे साचे. आसाच्या बाबतीत ती उलट वाचायला हवी. थेंबाथेंबानं हाउसिंग रितं होतं आणि एके दिवशी क्राउन-पिनियन कोरड्या लोखंडावर घासतात. तेव्हा जो खर्च येतो, त्यात अशी कितीतरी सीलं आली असती. जुना ट्रक घ्यायला निघालेल्या कोणालाही मी आता एवढंच सांगतो. धुतलेला आस पाहून खूश होऊ नका. मालकाला म्हणा, गाडी दोन दिवस चालवा, मग दाखवा. ब्रीदर काढून फुंकून पाहा. हवेच्या टाकीची तोटी सोडा. आणि वही आहे का विचारा.

त्या तरुणाची गाडी आजही चालते आहे. गेल्या पावसाळ्यात सारसोळ्याला गेलो तेव्हा ती घरासमोर उभी होती. मी सवयीनं खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती. आतून त्याच्या आजोबांनी विचारलं, "काय हरवलं का?" मी म्हटलं, "नाही, काहीच नाही." ते जाळं विणत बसले होते. संध्याकाळच्या भरतीला त्यांना निघायचं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)